ढालअक्का

आमच्या गटात नवा माणूस आला की अक्का त्याला एकच प्रश्न विचारायची. नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही. ‘घरात भांडण लागलं, तर तू कुठं असतोस?’ समोरचा हैदराबादकडचा असला तर तोच प्रश्न दखनीत यायचा, ‘घर में झगड़ा हुआ तो तुम कहाँ रहते?’ माणूस गोंधळून जायचा. राक्षस मारायला आलेल्याला असलं कोण विचारतं?

खेळ संगणकावरचा, इंटरनेटवरून खेळायचा. किल्ले, गुहा, गुहेत राक्षस. पाच जणांनी मिळून आत शिरायचं आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत लढायचं. पण त्याआधी आपण कोण होणार ते ठरवावं लागतं. पुढे उभं राहून मार खाणारा ढालवाला, लांबून बाण सोडणारा तिरंदाज, मंत्र म्हणणारा मांत्रिक, तलवार चालवणारा योद्धा, की सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारा वैद्य. एकदा ठरवलं की बदलता येत नाही. बदलायचंच तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बहुतेक लोक चित्र बघून ठरवतात, ज्याच्या दंडाला जास्त बेटकुळ्या तो घेतात. अक्काला हे अजिबात पटत नसे.

‘मी खोलीचं दार लावून घेतो,’ असं एका प्राध्यापकांनी सांगितलं. त्यांना तिनं धनुष्य दिलं. ‘तेव्हा काही बोलत नाही, चार दिवसांनी सगळं उकरून काढतो,’ म्हणणाऱ्या निजामाबादच्या औषधदुकानवाल्याला मांत्रिक केलं, कारण खेळातला मंत्र पुरा व्हायला वेळ लागतो. बिदरच्या बँकेतल्या एका कारकुनाला तलवारच हवी होती. पण ‘मी आईला पाणी नेऊन देतो,’ असं बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो कायमचा वैद्य झाला. महिनाभर कुरकुरला. पुढे त्याच्याइतका जागरूक वैद्य आम्ही दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा कडगंचीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नुकतीच रुजू झाले होते. मूळची अफजलपूरची, घरची बोली मराठी. कन्नड येते, हिंदी येते, कामापुरतं इंग्रजी येतं, आणि आठवडा या तिन्हींत निघून जायचा. रविवार मात्र अंगावर यायचा. खोली झाडून, कपडे वाळत घालून अकरा वाजायचे आणि पुढे अंधार पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायची वेळच यायची नाही. घरी जायला बस होती. पण घरी दोघे भाऊ उसाच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांवर ओरडत असायचे. मग मी बस चुकवायची, आणि फोनवर बसलाच नावं ठेवायची.

अशाच एका रविवारी दुपारी मी हा खेळ लावला. नवख्या माणसाला दुसऱ्यांची लढाई नुसती बघता येते. कानात हिंदीचा गलका चालला होता. त्यातून एकदम एका बाईचा आवाज आला, ‘आरं, कामून पुढं पळायलास? मरशील की!’ हातातला चहा मी खाली ठेवला. ‘का’ला ‘कामून’ आमच्या घरी म्हणतात; त्या एका शब्दानं कधी डोळ्यांत पाणी येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आलं.

लढाई संपल्यावर मी धीर करून म्हणाले, ‘तुम्ही मराठी हाव?’

‘व्हय की. ठाणाकुशनूर, औरादजवळ. तू कुठली गं?’ आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत तो प्रश्न आलाच. ‘घरात भांडण लागलं, तर तू कुठं असतीस?’

‘मधी पडते,’ मी लगेच सांगितलं.

हे धडधडीत खोटं होतं. भाऊ भांडायला लागले की मी मागच्या अंगणात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत असे. पण अक्का ढालवाली होती, आणि दोन ढालवाले खांद्याला खांदा लावून उभे राहतात हे मी नुकतंच पाहिलं होतं. मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. ‘मग ढाल घे,’ ती म्हणाली, ‘मला जोडीदारीण मिळाली.’

अक्का अंगणवाडीतून निवृत्त झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना संगणक घरीच राहिला. त्यावरची धूळ पुसता पुसता ती त्याच्यासमोर बसली ती बसलीच. सुरुवातीला सगळ्यांनी तिला वैद्य हो म्हणून सांगितलं होतं. बाई म्हटली की लोक वैद्यच करतात. ‘सारा जलम लेकरांची नाकं पुसले, खिचडी वाढले, गोळ्या दिले,’ ती म्हणायची. ‘आता इथं बी तेच करू व्हय?’ आणि तिनं माणसाएवढी ढाल उचलली.

मी तिला ‘तुम्ही’ म्हणायची ते तिनं आठवडाभर सोसलं. मग म्हणाली, ‘मला तुम्ही म्हणू नको. वरचे सायब आल्यावाणी वाटतंय.’ रविवारी संध्याकाळी खेळ आवरताना ती ‘चला, जयभीम’ म्हणायची. हळूहळू सगळेच म्हणायला लागले. निजामाबादचा औषधदुकानवाला तर इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचा की माझा हेडफोन कानावरून सरकायचा. तेवढा गलका मला पुढचे सहा दिवस पुरायचा.

ढाल मला झेपत नव्हती. राक्षसानं गदा उचलली की माझं बोट आपोआप मागे सरायच्या बटणावर जायचं. मी सरले की मागचे तिघे उघडे पडायचे आणि पाची जण मरायचे. हे एकदा नाही, कितीतरी रविवार चाललं. बँकेतला वैद्य वैतागून म्हणायचा, ‘ये कैसी ढाल है, अक्का?’ अक्का त्याला गप्प करायची. मला एवढंच म्हणायची, ‘मागं सरायचं तर सर. पर सांगून सर. तू गेलीस हे मला कळंना, म्हणून माझा घात व्हतोय.’

मग मी सांगून सरायला लागले. ‘अक्का, सरायले.’ ‘सर.’ सांगायचं म्हटलं की क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कधी कधी गदा पडूनही जाते. वर्षभरात मी बरी उभी राहू लागले. लोकांना वाटेल की घरीही फरक पडला असेल. पडला नाही. दिवाळीला अफजलपूरला गेले तेव्हा भाऊ भांडले आणि मी भांडीच घासली.

एका रविवारी लढाई संपल्यावर अक्का म्हणाली, ‘मी शनवारी पुण्याला चाललेय. कायमची. पोराला मुलगी झालीय.’ सगळ्यांनी मुबारक म्हटलं. मीही म्हटलं, आणि मग हेडफोन काढून ठेवला. सोमवारी रजेचा अर्ज टाकला.

गुरुवारी तीन बस बदलून ठाणाकुशनूरला पोचले. आजवर मी तिचा फक्त आवाज ऐकला होता. त्या आवाजावरून धिप्पाड बाई डोळ्यांसमोर होती. दारात उभी राहिली ती माझ्या खांद्याला लागणारी, दोरी बांधलेला चष्मा घातलेली. मला बघून तीच बावरली. ‘या, बसा,’ म्हणाली. म्हटलं, अक्का, आता मला साहेब करतेस होय? मग हसली, आणि हसल्यावर ओळखीची झाली. शेजारची बाई कोण आलं म्हणून डोकावली तर तिला सांगितलं, ‘माझ्या कामावरची हाय.’

घरातलं सामान निम्मं बांधून झालं होतं. संगणक गावातल्या शाळेला देऊन टाकला होता. टेबलावरच्या धुळीत त्याच्या जागी नुसता चौकोन उरला होता. ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी पाटावर बसले होते. पुढ्यात ताट आलं तेव्हा मला राहवेना.

‘अक्का, पहिल्या दिवशी मी खोटं बोलले. मी मधी पडत न्हाई. कधीच पडले न्हाई.’

‘म्हाईत हाय मला.’

‘कधी कळलं?’

‘तवाच. मधी पडणाऱ्या बाईला असं विचारलं की ती आधी उसासा टाकती. तू पाठ केल्यावाणी बोललीस.’

‘मग ढाल कामून दिलीस?’

तिनं भाकरी उलटली. माझ्याकडे बघितलं नाही. ‘तिरंदाज केले असते तर लांब उभी राहिली असतीस. माझ्या बाजूला आपलं बोलणारं कोण होतं? वर्सभर मेली की माणसं तुझ्यापायी. मरू दी म्हणलं.’

एका खोट्याला तिनं इतके रविवार सांभाळून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं की आपलं बोलणाऱ्या माणसासाठी आसुसलेली एकटी मीच आहे. मी भाकरीचे नुसतेच तुकडे मोडत राहिले. ‘खा,’ ती म्हणाली, ‘गरम हाय तवर.’

अक्का गेली. गट आहे, मी अजून ढाल धरते. शेजारी आता विजापूरचा एक शिस्तीचा माणूस उभा असतो. तो चुकत नाही आणि बोलतही नाही. सुरुवातीला अक्काचा फोन यायचा तेव्हा मी तिला आग्रह करायची, मुलाचा लॅपटॉप घे, रविवारी एक तासभर ये. ‘इथं कुठलं गं,’ ती म्हणायची, ‘नात मांडीवरून उतरंना.’ ते इतक्या आनंदानं म्हणायची की माझा आग्रह दर वेळी थोडा कमी व्हायचा. तिला आता आमची गरज उरली नाही, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला, आणि आपल्याला राग यावा याची लाज वाटली.

मागच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तेवढ्यात आतून सुनेनं हाक मारली. ‘आले, आले,’ म्हणत अक्का उठली. फोन कुठेतरी ठेवून दिला आणि बंद करायला विसरली. मी थोडा वेळ वाट पाहिली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताटं मांडली गेली. मुलगा मीठ कुठंय म्हणून विचारत होता, नात काहीतरी अर्धवट बडबडत होती, आणि त्या सगळ्यात अक्काचा तो आवाज, कुणाला तरी अजून अर्धी भाकरी घे म्हणून दटावणारा.

मी हाक मारली नाही. फोनचा आवाज मोठा केला, तो ताटाशेजारी ठेवला आणि वरणभात वाढून घेतला. त्यांचं जेवण उरकेपर्यंत मी सावकाश जेवत राहिले.