धनराजकाकांनी पास केलेली गाडी

राखीने धनराज रामटेके यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तोंडात पेढा होता.

२०१९ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. हॉलंडातल्या फेल्डहोवनमध्ये हॉल घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा झाला होता. वंदना झाली, भाषणं झाली, पुलावही संपला, आणि सगळी मंडळी बाहेरच्या पार्किंगमध्ये जमली. तिथे विवेकने नुकतीच घेतलेली सेकंडहँड गाडी उभी होती. विवेक आयटीतला, उत्साही मुलगा. तो पेढे वाटत होता आणि सगळे गाडीचं कौतुक करत होते. पांढऱ्या शर्टातले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मात्र टायरच्या खाचेतून बोट फिरवत होते. पेढा गिळून झाल्यावर ते उठले, रुमालाने बोट पुसलं आणि अगदी मायेने म्हणाले,

"विवेक, पेढे वाटायची घाई केलीस बाप्पा. मागचे दोन टायर जुने आहेत, आणि पुढून तेल झिरपतंय. सहा महिने चालली तर बघ."

विवेकचा चेहरा उतरला. शेजारी उभी असलेली बाई राखीच्या कानाशी लागून म्हणाली, "ते सगळ्यांना असंच सांगतात. मला बघायला तीनदा आले होते. तिसऱ्यांदा माझ्या आईनेच विचारलं, 'जावईबापू, आता काय तपासायचं राहिलंय?'"

या ललिताकाकू. धनराजांच्या पत्नी.

धनराज चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत होते. यंत्र बाहेर पडण्याआधी त्यात काय बिघडू शकतं हे शोधणं, हे त्यांचं काम. आयुष्यभर 'अजून नाही' म्हणण्याचा पगार घेतलेला माणूस. त्यामुळे फेल्डहोवनपासून टिलबर्गपर्यंतच्या मराठी मंडळींत कुणी जुनी सायकल घेतली, वॉशिंग मशीन घेतलं, गाडी घेतली, की पहिला प्रश्न यायचा, "रामटेकेसरांना दाखवलंस का?" आणि गंमत अशी की खुद्द सरांकडे गाडी नव्हती. अठरा वर्षांत त्यांना पसंत पडेल अशी एकही गाडी हॉलंडात सापडली नव्हती. ते ऑफिसला सायकलने जात. सायकल तेवढी निर्दोष होती.

पुढच्या मार्चात कोविड आला. राखी तेव्हा उट्रेख्टला बर्फावर पीएचडी करत होती. नागपूरची मुलगी, जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, ती हिमाचे थर मोजायला शिकत होती. नातेवाइकांना हे अजून नीट पटलं नव्हतं. तिच्या वसतिगृहातली मुलं एकेक करून घरी गेली. तिला जायला विमान नव्हतं. ललिताकाकूंचा फोन आला, "तू तिथे एकटी काय करतेस? वरची खोली रिकामी आहे. ये."

महिनाभरासाठी आलेली राखी तिथे वर्षभर राहिली. रामटेके दांपत्याला मूलबाळ नव्हतं, आणि त्याविषयी ते बोलत नसत. घरात आता तीन लॅपटॉप, तीन मीटिंगा आणि एकच स्वयंपाकघर. दुपारी बाराला धनराज खाली येऊन विचारत, "कोण म्यूटवर नाही?" आणि मग कुकरची शिट्टी होऊ देत. संध्याकाळी राखी आणि काका कालव्याकाठी फिरायला जात आणि भांडत. विषय कुठलाही चाले. टिलबर्गच्या दुकानातली चिंच चांगली की आइंडहोवनच्या, यावर एकदा पाच किलोमीटर भांडण पुरलं.

नोव्हेंबरात राखीला नोकरीचं पत्र आलं. उत्तर स्वीडनमधलं संशोधन केंद्र, गावापासून साठ किलोमीटर आत, सहा महिने बर्फ. एक मार्चला रुजू व्हायचं. बस नाही, तेव्हा स्वतःची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी हवी. नाही जमलं, तर पुढच्या उमेदवाराला विचारू, असं केंद्राच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. हिवाळ्याची मोजणी हिवाळ्यातच करायची असते, ती कुणासाठी थांबत नाही. राखीला जन्मात हवी असलेली हीच नोकरी होती.

नागपुरातून तिचे बाबा फोनवर म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही बेटा. रामटेकेसाहेब गाडीला हो म्हणाले की माझं हो समज."

म्हणजे सगळं येऊन धनराजकाकांवर थांबलं.

डिसेंबरात शोध सुरू झाला. बघायला जायचं ते विवेकच्याच गाडीतून, कारण घरात गाडी होती कुठे? काका मागे, राखी चालवणारी, तिघांच्या तोंडाला मास्क, आणि काकूंच्या मांडीवर पराठ्यांचा डबा.

"काका, हीच ना ती, सहा महिन्यांत बंद पडणार होती ती?"

"अजून पडायची आहे," काका मागून शांतपणे म्हणत.

गाडी बघण्याची काकांची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी मालकाला फोन: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर काही बोलण्याआधी ते बॉनेटवर तळहात ठेवत, आई पोराच्या कपाळावर ठेवते तसा. बॉनेट कोमट लागलं, की मालकाने आधीच इंजिन तापवून ठेवलंय. "गरम इंजिन गोड बोलतं," ते सांगत. "थंडीत सकाळी उठवल्यावर काय बोलतं ते ऐकायचं. तुझ्याकडे उणे तीस असेल." मग चारही टायर. मग पथारी टाकून गाडीखाली. मग रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवायची आणि खिडकी उघडी ठेवून ऐकायचं.

टिलबर्गची पहिली गाडी टायरवरच गेली. पुढचे दोन नवे, मागचे दोन झिजलेले. "फोर-व्हील-ड्राइव्हला चारही सारखे लागतात. नाहीतर चाकं आतल्या आत एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअर झिजतो." दुसरीच्या मागे हूक होता, दर उन्हाळ्यात कॅरव्हॅन ओढत आल्प्स चढलेली, क्लच थकलेला. तिसरी दिसायला देखणी, पण समुद्राकाठी वाढलेली. खालून गंजाने पापडासारखी झालेली. चौथीच्या गालिच्याखाली ओल होती. काका ओला हात दाखवून म्हणाले, "तिकडे याचा बर्फ होईल. मग काचा आतून पुसत बस."

राखीला एकाही नकाराचा राग आला नाही. प्रत्येक नकाराला कारण होतं आणि ते तिला समोर दिसत होतं.

जानेवारीच्या शेवटी तिघं नीउ-व्हेनेप गावी हिरवी सुबारू गाडी बघायला गेले. मालक ऐंशीच्या घरातले, फुलांच्या कंदांची शेती करून निवृत्त झालेले. नजर मंदावली म्हणून गाडी काढत होते. त्यांनी दीड मीटरवरून सगळ्यांना कॉफी दिली आणि स्वतः गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले.

काकांनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. टायर चारही सारखे. खाली गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. फक्त बुटांचे तळवे दिसत होते. इंजिन पहिल्या चावीला उठलं. गोल फिरवली, आवाज नाही. गालिचा कोरडा. काकांनी परत बॉनेट उघडलं, परत बंद केलं, परत खाली गेले. म्हाताऱ्यांनी राखीला डचमध्ये विचारलं, "तुमच्या काकांचं काही पडलंय का?"

शेवटी काका उठले, हात पुसले आणि म्हणाले, "चला."

"कशी आहे?" राखीने विचारलं.

"मन घेत नाही."

पराठ्यांचा डबा तसाच घरी आला. काका थेट वर गेले.

राखी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "काकू, एक मार्चला महिना उरला. आता मी काय करू?"

काकू डबा उघडत होत्या. "काय म्हणाले ते? नेमकं सांग."

"मन घेत नाही म्हणाले."

काकूंनी झाकण खाली ठेवलं. "तीस वर्षांत हे मन कधी मधे आलं नाही. माझ्या आईला तोंडावर सांगितलं होतं या माणसाने, 'मुलगी चांगली आहे, पण भात मऊ करते.' दोष असला की त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि नसला, तर खोटा दोष रचता येत नाही."

"म्हणजे गाडी…"

"गाडीला काय धाड भरलीये? तू गेल्यावर कालव्याकाठी भांडायचं कुणाशी, ते बघ."

राखीने वर जाऊन दार वाजवलं नाही. तो आठवडा असाच गेला. संध्याकाळी फिरणं झालं, पण भांडण झालं नाही.

आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी हॉलंडात कितीतरी वर्षांनी खराखुरा बर्फ पडला. रेल्वे बंद, बस बंद. मुलं स्वयंपाकाचे ट्रे घेऊन बांधावरून घसरत होती. सकाळी विवेकचा फोन आला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, चाकं जागच्या जागी फिरत होती. सगळे फावडी घेऊन धावले. काका मागच्या टायरकडे बघून उभे राहिले आणि दीड वर्षं थांबलेल्या माणसाच्या समाधानाने म्हणाले, "बघ."

"सर, ढकला आधी," विवेक म्हणाला.

काका ढकलायला लागले आणि घसरून पडले. राखीने त्यांना उठवलं. मग विवेकला स्टिअरिंग सरळ धरायला लावलं, पायपुसणं आणून चाकाखाली सारलं, मूठभर बर्फ हातात दाबून बघितला आणि म्हणाली, "वरचा भुसभुशीत आहे, खालचा घट्ट झालाय. रेस देऊ नकोस. दुसरा गिअर. हळू." गाडी कण्हत बाहेर आली.

परत येताना काका तिच्या पावलांत पावलं ठेवून चालत होते. ती थांबली.

"काका, हिरवीचा दोष सांगा."

काका बुटाने बर्फ उकरू लागले.

"टायर?"

"बरे आहेत."

"गंज? क्लच? ओल?"

"नाही बा, नाही." त्यांनी टोपी काढून झटकली. "गाडी बरी आहे. रस्ता मी बघितला नाही, पोरी. जे बघितलं नाही ते पास कसं करू?"

गाडी बरी आहे! यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

"रस्ता बर्फाचा आहे," राखी म्हणाली, "आणि बर्फ मला कळतो. तुम्हाला गाडी कळते. तुमचं तेवढं तुम्ही पास करा, माझं मला करू द्या. आणि भांडायला फोन आहे. स्वीडनमध्ये नेटवर्क तुमच्या वरच्या खोलीपेक्षा चांगलं असतं."

"वरच्या खोलीत काय वाईट आहे?" काका एकदम म्हणाले. "राउटर मी स्वतः लावलाय."

"म्हणूनच."

घर येईपर्यंत दोघं राउटरवर भांडत होती. काकूंनी खिडकीतून ते बघितलं आणि चहात साखर जरा जास्तच टाकली.

त्याच दुपारी काकांनी स्वतः नीउ-व्हेनेपला फोन लावला. म्हातारे म्हणाले, त्या दिवसापासून मी गाडी कुणाला दाखवलीच नाही. इतक्या आदराने तिच्याखाली कुणी गेलं नव्हतं. पण आता तुम्ही येणार कसे? बुधवारी माझी मुलगीच घेऊन येईल. अशा रस्त्यावरून आली, तर घ्या.

बुधवारी रस्त्याकडेला बर्फाचे ढीग तसेच होते. हिरवी गाडी शंभरावर किलोमीटर चालून गल्लीत शिरली आणि न घसरता दाराशी उभी राहिली. म्हाताऱ्यांची मुलगी उतरली, चहा प्यायली, आणि पुन्हा सुरू झालेल्या रेल्वेने परत गेली.

काकांनी सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला.

"ताप आहे," ते म्हणाले.

"मग?" काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात ताट होतं. दुधाच्या पावडरीचे पेढे त्यांनी सकाळीच वळून ठेवले होते. "वाटू का अजून थांबू?"

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून बघितलं. मग ताटातला पेढा उचलून राखीच्या हातावर ठेवला.

"वाट," ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे हॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवणी चालली. बर्फ वितळला, तरी काका बर्फ आहे असं समजून शिकवत राहिले. नवी बॅटरी बसली. उणे चाळीसपर्यंत न गोठणारं पाणी इंजिनात भरलं. तिकडे रात्री गाडीला वीज जोडून इंजिन उबदार ठेवतात, त्यासाठीची वायर काकांनी स्वतः ओढून ओढून तपासली. फेब्रुवारीच्या शेवटी, कोविडचा निगेटिव्ह रिपोर्ट गाडीच्या खणात ठेवून, राखी जर्मनीहून स्वीडनला जाणाऱ्या बोटीकडे निघाली. काका गल्लीच्या तोंडापर्यंत सायकलने बरोबर गेले आणि तिथून ओरडले, "आवाज आला तर लगेच फोन कर! नाही आला तरी कर!"

हिरवी गाडी अजून चालते आहे. दर फेब्रुवारीत धनराज आणि ललिताकाकू राखीकडे जातात, आणि तो साठ किलोमीटरचा रस्ता धनराज आता पुढच्या सीटवर बसून बघतात. स्वतःसाठी त्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. ते ऑफिसला सायकलने जातात.