अण्णांचा उस पारचा स्टोव्ह

अण्णा काल सकाळी गेले, आणि घरात सगळ्यात आधी सुटकेचा निःश्वास टाकला तो आईने.

"इथेच गेले बाई," म्हणाली. मग रडली.

ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेतून रिटायर झालेले, जन्म बनारसचा. आमच्याकडे मराठी फक्त घरात, आणि तीही निम्मी हिंदी.

त्यांना नाद एकच. थंडी पडली, गंगेचं पाणी उतरलं, पलीकडची रेती उघडी पडली की नाव करून उस पार जायचं आणि तिथे रांधायचं.

उपल्यांवर, म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांवर, भाजलेली बाटी आणि वांग्याचा चोखा, आपलं भरीतच. त्या चोख्यात हे गोडा मसाला घालणार. बनारसी मित्र कपाळाला हात लावायचे आणि परत परत मागून घ्यायचे.

गेल्या वर्षी फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, धूर अजिबात नको.

आम्हाला वाटलं, संपला विषय. अण्णांनी अर्थ काढला की बिनधुराची शेगडी आणायला हवी.

पण खरी अडचण डॉक्टर नव्हतेच. आई होती.

आमच्याकडे म्हणतात, काशीत मेलं की मोक्ष आणि समोरच्या काठावर मेलं की पुढचा जन्म गाढवाचा. लोक हसत हसतच बोलतात हे. पण जिना चढताना अण्णांना धाप लागायला लागली, तशी आई हसेनाशी झाली.

अण्णा म्हणाले, "गाढव तर गाढव. नाहीतरी जन्मभर तुझ्या माहेरच्यांची ओझी वाहिलीच की."

त्या दिवशी चहा आपला आपण करून घ्यावा लागला त्यांना.

शेवटी आईने अट घातली. ती बरोबर येणार. आणि स्टोव्ह असा हवा की झटपट रांधायचं, खायचं आणि परत फिरायचं. तिकडे रेंगाळायचं नाही.

झालं. शोधाशोध आली माझ्या गळ्यात.

कोळशाची बार्बेक्यू शेगडी दिसायला झकास, पण धूर तो धूरच. दोन बर्नरवाली शेगडी एवढी जड, की ती नावेत चढवायची की अण्णांना, असा प्रश्न.

मी भाळले तळहाताएवढ्या फोल्डिंग बर्नरवर. रिव्ह्यू काय, व्हिडिओ काय, हिमालयात लोक त्यावर मॅगी करत होते.

अण्णांनी तो गच्चीवर मांडला, वर पातेलं ठेवलं, आणि स्टँडचा पंखा आणून समोर फुल स्पीडवर सोडला. म्हणाले, रेतीवरचा वारा माहीत आहे का तुला?

ज्योत गेली. पातेलंही गेलं.

रिटर्न. मग दुसरा, तोही रिटर्न. ऐन थंडीत गच्चीवर पंखा कशाला, असं शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या.

पास झाला तो एक पसरट स्टोव्ह. ब्रीफकेससारख्या पेटीत बसणारा, बाजूला गॅसचा छोटा डबा आडवा लागतो, बर्नरभोवती वारा अडवायला पत्रा. पंख्यासमोर ज्योत फडफडली, पण विझली नाही.

अण्णा आईकडे बघत म्हणाले, कुरकुरतो पण टिकतो, आपल्याच घरातला दिसतोय.

बाटीला उपलेच लागतात, ती यावर होणार नव्हती. म्हणून पिठलं ठरलं. भात आईने घरूनच बांधून घेतला, तेवढाच वेळ वाचला.

मुन्शी घाटावरून नाव केली. रेतीवर पोचलो तर थंडीने गॅसचा डबा गारठलेला, ज्योत अगदी मरगळलेली. हे कुठल्या रिव्ह्यूत नव्हतं.

अण्णांनी स्टोव्ह बंद केला, डबा काढला आणि शालीच्या आत छातीशी धरून बसून राहिले. आईचा जीव टांगणीला, आणि हे मजेत.

मग लागली एकदाची ज्योत. लसूण चरचरला, पिठलं रटरटायला लागलं. अण्णा म्हणाले, जरा टेकतो. रेतीवर आडवे झाले.

आईने हाक मारली. उत्तर नाही. परत हाक मारली. काहीच नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. नाववाल्या मल्लाहला एवढंच म्हणाली, "भैया, उठाइए इन्हें. अभी."

त्याने आणि आईने बगलेत धरून अण्णांना नावेत घातलं. मी स्टोव्ह बंद केला आणि गरम पातेलं पदरात धरून मागे धावले. पातेलं का घेतलं, देव जाणे.

नाव अर्ध्यावर आली आणि अण्णांनी डोळे उघडले.

"पिठलं घेतलंत ना?"

उन्हात डोळा लागला होता त्यांचा. उचलतानाच जाग आली होती म्हणे, पण आईचा अवतार बघून मध्ये बोलायची हिंमत झाली नाही.

मल्लाहने वल्ही सोडली आणि तो पोट धरून हसला. आईने नावेत राहिलेला भात तिथेच वाढला, वर पिठलं घातलं.

अण्णांनी विचारलं, "आता इथे मधोमध गेलो, तर कुठला जन्म?"

"गप जेवा," आई म्हणाली.

पिठलं खाली लागलं होतं. अण्णांनी खरवडीसकट संपवलं.

त्यानंतर जाणं झालं नाही. तब्येत उतरतच गेली. काल सकाळी अर्धा चहा झाला, कप आईच्या हातात दिला, उशीला टेकले आणि गेले. नळ्या नाहीत, हॉस्पिटल नाही, त्रास नाही. फार बरं वाटतंय या एका गोष्टीचं.

आज मी आईला म्हटलं, सुटलीस बाई गाढवाच्या काळजीतून.

तिने मान हलवली.

"गाढवबिढव काही नाही गं. तिकडे काही झालं असतं, तर तू जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असतीस. स्टोव्ह तू आणला होतास ना."

कालपासून मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

अण्णा, सावकाश जा. आईला मी बघते.

तुम्हाला मनापासून नमस्कार.