सूत्रांनी सांगितलेली ओळ

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे — डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबी मी कुठल्या हॉटेलात खातो, तेसुद्धा. हे मात्र तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, तरी मन आडवळणं घेतंच आहे.

मी लातूरला एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या धंद्यात ‘सूत्रांनी सांगितले’ असं लिहिलं की पुढचं काहीही खपतं. हे सूत्र म्हणजे कधी हवालदार असतो, कधी पानवाला. आणि कधी —

थांबा. आधी घडलं ते सांगतो.

क्लासेसच्या भागातल्या एका मेसमध्ये ऐन जेवणाच्या वेळी गोळीबार झाला. तिघं गेले. दोन विद्यार्थी, आणि पोळ्या वाढणारा सुदाम — किनवटकडच्या जंगलातल्या एका गावचा. गोळ्या कुणी झाडल्या, हे संध्याकाळपर्यंत पोलीस सांगेनात. बाहेरगावची आवृत्ती लवकर सुटते, आणि माझी बातमी तर अर्ध्यावरच. विद्यार्थ्यांचे फोटो आले होते, दहावीचे गुण आले होते. सुदामचं फक्त गाव आलं होतं. मी त्या गावाच्या नावाकडे पाहिलं. जंगल, पलीकडे तेलंगणाची हद्द, म्हणजे नक्षलवादी... आणि लिहिलं, ‘मृत कामगार किनवटच्या जंगलपट्ट्यातील असून गोळीबाराचे धागेदोरे तिकडे पोहोचतात का, याचा तपास सुरू असल्याचे सूत्रांनी सांगितले.’

एकाही पोलिसाने असं म्हटलं नव्हतं. ते सूत्र मीच. तो पोरगा पुण्याचा असता, तर सुचलं असतं का मला हे?

दुसऱ्या दिवशी कळलं, गोळ्या झाडणारा एका निवृत्त अधिकाऱ्याचा मुलगा होता. बंदूक वडिलांची, परवान्याची. घर आमच्यासारखंच — शिकलेलं, चारचौघांत मान असलेलं. त्याला मी ‘नैराश्यग्रस्त तरुण’ केलं. लहानपणी चित्रकलेत त्याने मिळवलेली बक्षिसंही छापली. मारणाऱ्यासाठी इतका हळवा झालो, आणि मेलेल्यावरची ओळ तशीच ठेवली. दुरुस्ती छापावी असं वाटलं होतं — पण मग संपादकांनी विचारलं असतं, कोण रे तुझं सूत्र?

पुढे काही दिवसांनी सुदामची आई ऑफिसात आली. फडक्यात सीताफळं बांधून आणली होती. कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. पदर सावरत हळू बोलायची, थेट माझ्या मावशीसारखी. मला ती बाई फार आवडली. खरंच. तिची धाकटी मुलगी किनवटला निवासी शाळेच्या वसतिगृहात होती. तिथल्या मुली तिला ‘बंदूकवाल्याची बहीण’ म्हणायच्या. पोर घरी पळून आली होती आणि परत जायला तयार नव्हती. आईला मदत नको होती, फोटो नको होता. मुलीला आणि तिच्या शाळेला दाखवायला फक्त एक ओळ छापून हवी होती.

“साहेब, माझं लेकरू पोळ्या वाढून राहिलं होतं. तेवढंच लिवा.”

मी काय केलं? म्हणालो, ते मी लिहिलेलं नाही, आमच्या नांदेडच्या ऑफिसातून आलं. ती म्हणाली, मग ज्यानं लिहिलं त्यालाच भेटते, नाव सांगा. मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं, चौधरी साहेब. विसरू नये म्हणून तिने ते दोनदा म्हटलं. माझ्या पोराबाळांचं भलं होवो म्हणाली. मी तिला स्टँडवर नेलं, नांदेडच्या एसटीत खिडकीजवळ बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलं, बाईंना नीट उतरवा. एवढा भला माणूस मी!

सीताफळं घरी नेली. किती गोड आहेत, कुठून आणलीत, बायकोने विचारलं. बाजारातून, म्हणालो.

मग नांदेडच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला. कुणी एक बाई दर बाजाराच्या दिवशी येऊन चौधरी साहेबांना विचारते. असा कुणी इथं नाही म्हटलं, तरी पायऱ्यांवर बसून राहते. काल मुलीलाही घेऊन आली होती. मुलगीच म्हणत होती, आई, चल, नसेल इथं तसा कुणी. तेव्हा बाई तिला काय म्हणाली, ते त्याने हसत हसत तिच्याच बोलीत मला ऐकवलं.

“हाय बाई, हाय. लातूरचे साहेब खोटं कशाला बोलतील?”

कोण रे हा चौधरी, त्याने विचारलं.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. कुणास ठाऊक, म्हणालो, आणि त्याच्याबरोबर हसलो.

ती ओळ कधीच दुरुस्त झाली नाही. मुलीची शाळा सुटली, ती सुटलीच. मी पुढे वृत्तसंपादक झालो.