थोर्किलच्या सुकाणूची मयत

थोर्किल आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा आणि कबरी खणायचा. बेटावर माणसं अडुसष्ट, आणि त्यातलं कुणी मरायला तयार नसायचं. त्यामुळे थोर्किलच्या हाताशी वेळ भरपूर. तो सगळा त्यानं ‘मार्था’ नावाच्या शिडाच्या होडीवर घालवला. होडी सासऱ्याकडून आलेली, ओकच्या लाकडाची, त्याच्याहून दहा वर्षांनी थोरली.

मार्थाचं सुकाणू दाराच्या बिजागरीसारखं बसवलेलं होतं. होडीच्या पाठीला पितळेच्या दोन कड्या, सुकाणूला दोन खुंट्या, आणि खुंट्या कड्यांत अडकवलेल्या. वर्षानुवर्षं घासून कड्यांची भोकं लांबट झाली होती आणि खुंट्या टोक केलेल्या पेन्सिलीसारख्या. हातात धरायचा दांडा वीतभर ढकलला की मग कुठे सुकाणूला पत्ता लागायचा. थोर्किलला त्याचं काही नव्हतं.

“तिला विचार करायला जरा वेळ लागतो,” एवढंच म्हणायचा.

मे महिन्यात एका दुपारी असाच विचार करत करत मार्था पाद्री ब्रोडरसन यांच्या धक्क्यावर आदळली. पाद्री धक्क्यावर खुर्ची टाकून कॉफी पीत बसले होते. ते खुर्चीसकट पाण्यात गेले. पाणी कमरेइतकंच होतं. कप त्यांनी सोडला नाही.

“थोर्किल,” ते पाण्यात उभे राहून म्हणाले, “एक तर ही होडी दुरुस्त कर, नाहीतर मी घंटेला दुसरा माणूस बघतो.”

“तुमचा धक्का मधे आला.”

“धक्का माझ्या आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे.”

“तेच म्हणतोय मी. जरा म्हणून सरकत नाही.”

पण घंटा त्याला प्रिय होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं कड्या उचकटून काढल्या. खुंट्या मात्र सुकाणूच्या लाकडात आरपार ठोकलेल्या, त्या निघेनात. म्हणून कड्यांसोबत अख्खं सुकाणू घेऊन तो पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पितळ ओतणाऱ्या ओताऱ्याकडे निघाला.

मी तेव्हा बेटाच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचो. आमचा कप्तान लाडगोर नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस.

“लांबी किती?” त्यानं विचारलं.

“दोन मीटर चाळीस,” थोर्किल म्हणाला.

“सामान दोन मीटरपर्यंत. त्यापुढे वाहन.”

“मग वाहन धर.”

“वाहनाला नंबरपाटी लागते.”

“सायकलीला कुठे असते?”

“सायकलीला चाकं असतात.”

थोर्किलनं टोपी काढून डोकं खाजवलं. “दोन मीटरहून लांब, चाकं नाहीत, पाटी नाही, असं मी या बोटीवरून आजवर एकच नेलंय,” तो म्हणाला. “शवपेटी.”

लाडगोरनं पानं उलटली. शवपेटीला लांबीची अट नव्हती. फक्त वरून कापड हवं आणि पाद्रींच्या सहीचा कागद. थोर्किल कागद आणायला गेला. सुकाणू बेटावरून जातंय म्हटल्यावर पाद्रींनी हसतमुखानं सही केली. मयताचं नाव: मार्थाचं सुकाणू. मृत्यूचं कारण: झीज. थोर्किलच्या बायकोनं, रेगित्सेनं, पांढरी चादर दिली आणि डाग पाडू नकोस म्हणून बजावलं.

मयत बोटीवर असली की झेंडा अर्ध्यावर, हाही नियमच. लाडगोरनं तो स्वतः उतरवला. उतारू टोप्या काढून उभे राहिले.

“वय काय होतं?” एका म्हातारीनं थोर्किलला हळूच विचारलं.

“ऐंशीच्या पुढे.”

“मग सुटला बिचारा.”

“हो, शेवटी शेवटी फार ढिला झाला होता,” थोर्किल म्हणाला.

इकडे बेटावरून सगळ्यांनी झेंडा पाहिला. घंटा वाजली नाही, म्हणजे घंटा वाजवणाराच गेला, असा हिशेब बेकरीवाल्या आगनेथेनं मांडला. दुपारपर्यंत रेगित्सेच्या स्वयंपाकघरात अकरा माणसं आणि चार केक जमले.

“अगं, तो ओताऱ्याकडे गेलाय,” रेगित्सेनं तीनदा सांगितलं.

“दुःखात माणूस असंच बोलतं,” आगनेथे म्हणाली, आणि तिनं केक कापायला घेतला.

संध्याकाळच्या बोटीनं थोर्किल परतला आणि दारात उभा राहिला. अकराही जणांनी आधी त्याच्याकडे, मग केककडे पाहिलं.

“आलाच आहेस तर बस,” शेवटी आगनेथे म्हणाली. “केक उरलाय.”

तो बसला. लगेच उठून जाणं लोकांना बरं दिसेना, म्हणून ते आधीचंच बोलणं पुढे चालवत राहिले. कबरी किती सरळ खणायचा, कोपरे कसे काटकोनात असायचे. थोर्किल मान खाली घालून ऐकत होता. मधे फक्त एकदा म्हणाला, “ओल्या वाळूत सोपं नसायचं.” असं कौतुक त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी नव्या कड्या आणि नव्या खुंट्या ठोकलेलं सुकाणू आणायला तो गेला. ओतारी हाताचा चोख. त्यानं सगळं नमुन्याबरहुकूम ओतलं होतं. लांबट भोकं, पेन्सिलीसारख्या खुंट्या, सासऱ्यानं कधीकाळी मारलेल्या हातोड्याचा पोचासुद्धा.

“झीजपण ओतलीस?” थोर्किलनं विचारलं.

“नमुना दिलास तसं केलं. झीज नको होती तर झिजलेलं आणायचं नव्हतंस.”

परतीचा कागद लाडगोरनं भरायला लावला, त्यात दफनाची जागाही लिहावी लागली. थोर्किलनं लिहिलं: समुद्र, होडीच्या मागे.

पुन्हा त्या ओताऱ्याचं तोंड पाहायची त्याची इच्छा नव्हती. चर्चच्या घंटेखालच्या खोलीत त्यानं स्वतःच काम मांडलं. निमुळत्या खुंट्या कापल्या आणि त्यांच्या जागी मी दिलेल्या जुन्या पितळी सळईचे तुकडे बसवले. कड्यांची भोकं गोल आणि मोठी केली. आत घालायला घट्ट, न कुजणारं अस्तर हवं होतं. घरात तसा एकच जिन्नस होता, रेगित्सेचा भाजी-पाव कापायचा जाड प्लास्टिकचा पाट. त्यातून त्यानं दोन बांगड्या कोरल्या.

“आता पाव कशावर कापू?” रेगित्सेनं पाटाला पडलेल्या भोकांतून त्याच्याकडे बघत विचारलं.

“हातावर.”

“तुझ्या?”

जुलैत सुकाणू चढवलं आणि रेगित्सेला होडीत बसवून तो निघाला. थोर्किलनं सवयीनं दांडा वीतभर ढकलला आणि मार्था जागच्या जागी फिरली. त्यानं घाबरून उलटा ढकलला, ती उलटी फिरली. बंदराच्या तोंडाशी त्यांनी तरंगत्या लाल बोयाला तीन प्रदक्षिणा घातल्या. आम्ही फेरीबोट थांबवून बघत होतो. नियमात असं काही नव्हतं, तरी इंजिन लाडगोरनं स्वतःच बंद केलं होतं.

“सरक,” रेगित्से म्हणाली. चाळीस वर्षांत तिनं दांड्याला हात लावला नव्हता, त्यामुळे जुनी ढिलाई तिला माहीतच नव्हती. तिनं बोटभर दांडा हलवला आणि होडी सरळ समुद्रात गेली.

संध्याकाळी ती दोघं परत आली तेव्हा दांड्यावर रेगित्सेच होती, आणि थोर्किल पुढे बसून बटाटे सोलत होता.