माने सर आणि रात्रीची गोळी

माने सर गेल्याचं कळलं तेव्हा मी लसीकरणाच्या टेबलाशी बसून एका आईला रागावत होते. बाळाला आणायला तिनं महिनाभर उशीर केला होता. फोन सरांच्या मुलीचा होता. "बाबा सकाळी गेले. चहा घेऊन पेपर वाचत बसले होते…" मी फोन ठेवला, त्या आईकडे पाहिलं आणि रागावणं सोडून उशीर का झाला ते विचारलं. ती म्हणाली, "सासू मिरजंला ॲडमिट हुती वो. तान्ह्या लेकराला घिऊन कुठं फिरू?" सरांनी हे आधी विचारलं असतं. मला ते त्यांच्या मरणाची बातमी ऐकल्यावर सुचलं.

त्याला आता दीड महिना होईल. खेड्यापाड्यातल्या सरकारी दवाखान्यात एकट्या पडलेल्या आम्हा डॉक्टरांना सर वर्षभर शिकवायचे. महिन्यातून दोन दिवस साताऱ्यात वर्ग भरायचा आणि उरलेले दिवस आपापल्या गावात त्यांनी नेमून दिलेलं काम. विषयाचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते सर स्वतःही कधी पूर्ण उच्चारत नसत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आलेल्या पेशंटला तपासायला तुम्हाला कॉलेजनं शिकवलंय. मी न आलेल्यांचं शिकवणार." सर मूळचे लोणंदचे, कांद्याच्या बाजारात वाढलेले. वर दिसणाऱ्या कांद्यावरून पोत्याचा भाव करू नये, हात खालपर्यंत घालावा, असं त्यांचे वडील सांगत म्हणे. दवाखान्याच्या रांगेत उभा असतो तो वरचा कांदा, सगळं गाव म्हणजे पोतं… असं ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की हसावं की लिहून घ्यावं ते कळत नसे.

मी साताऱ्याच्या फौजीची लेक. आमच्या घरी गोळी सांगितलेल्या वेळेला पोटात जायची, त्यात चर्चा नसे. कुंडलच्या पुढं एका गावात माझी नेमणूक झाली तेव्हा सगळ्या गावाला असंच शिस्तीत आणायचं मी ठरवलं होतं. सर मला 'हवालदारीणबाई' म्हणायचे. मला राग यायचा, आणि ते कळल्यामुळे ते जास्तच म्हणायचे.

माझ्याकडे ब्लडप्रेशरच्या पेशंटचं रजिस्टर होतं, सुंदर अक्षरात भरलेलं. त्यातल्या बऱ्याच जणांचं प्रेशर काही केल्या उतरत नव्हतं. त्यातल्याच एक आक्का. जैन शेतकऱ्याच्या घरच्या, साठीच्या आसपास, ठरल्या तारखेला न चुकता येणाऱ्या. इतर सगळ्यांसारखंच त्यांनाही सकाळी एक गोळी, रात्री झोपताना एक, असं मी लिहून दिलेलं. दर महिन्याला मी दरडावून विचारायची, "गोळ्या घेता ना?" आणि त्या मान खाली घालून म्हणायच्या, "घेती की वो." प्रेशर मात्र तिथंच. मग मी रात्रीची गोळी आणखी जोराची करून दिली. तरीही उतरेना, तेव्हा या बाई खोटं बोलतात असं मी नर्ससमोर म्हणाले. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आणि एका सकाळी आक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला.

पुढच्या वर्गात मी हे सांगितलं, पेशंट ऐकत नाहीत या तक्रारीच्या सुरात. दोन दिवसांनी सर एसटीनं थेट माझ्या गावात हजर. रजिस्टर मागितलं, तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, "आता प्रत्येक नावापुढं गल्ली लिहा." गावात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना सोबत घेऊन दुपारभर आम्ही गल्ल्या लिहिल्या. ज्यांचं प्रेशर उतरत नव्हतं त्यातले बहुतेक एकाच गल्लीतले निघाले, जैन मंदिरामागच्या. मी तोपर्यंत प्रत्येकाला एकेकटं बघत होते आणि एकेकट्याला दोष देत होते. संध्याकाळ व्हायच्या आधी सर म्हणाले, "चला, त्या गल्लीत नुसतं बसून येऊ."

आक्कांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. सगळ्यांची जेवणं उरकली होती, आक्का आत अंथरुणावर होत्या आणि सून चूल सारवत होती. आक्कांचे यजमान आण्णा आम्हाला म्हणाले, "आवं, पानी घ्या. आमचं घिऊन झालं. दिवस मावळला की सकाळपतूर थेंबबी न्हाई आमच्यात." सरांनी अगदी सहज विचारलं, "मग रात्रीची गोळी?" आण्णा आत गेले आणि एक डबा घेऊन आले. त्यात रात्रीच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या नीट रचून ठेवलेल्या. "सरकारी औषध हाय, टाकून कशाला द्यायचं? जपून ठिवलंय." माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "पण आक्का तर घेते म्हणायच्या!" आण्णा शांतपणे म्हणाले, "तुमी घेतासा का म्हनून इचारलं, ती घेती म्हनली. सकाळची घेतच हुती. कवा घेतासा म्हनून कुनी इचारलंच न्हाई की." आशाताई खाली बघत होत्या. त्यांना हा रिवाज माहीत होता. रात्रीच्या गोळीचं काय होतं, हे त्यांनाही मी कधी विचारलं नव्हतं.

एसटीची वाट बघत उभे असताना सर म्हणाले, "गोळीची वेळ बदला. आणि या घरात येऊन सांगा, चूक कुणाची होती ते." मी म्हणाले, "सर, मग गाव माझ्याकडे येईल का?" ते म्हणाले, "तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. पण सांगा." गाडी आली आणि ते गेले.

वेळ मी दुसऱ्याच दिवशी बदलली, संध्याकाळच्या जेवणासोबत. दोन-तीन महिन्यांत त्या गल्लीचं प्रेशर उतरलं. सांगणं मात्र राहून गेलं. आधी आक्कांची तब्येत नाजूक होती, मग कोरोना आला, मग इतकी वर्षं झाली की आता काय उकरून काढायचं असं मीच मला समजावलं. सर भेटायचे, आक्का कशा आहेत विचारायचे, आणि मी "बऱ्या आहेत" म्हणायची. त्यापुढं त्यांनी कधी विचारलं नाही. त्या न विचारण्याची मला भीती वाटायची…

सरांच्या दिवसकार्याहून परतताना मी घरी गेले नाही, सरळ आक्कांकडे गेले. आण्णा आता नाहीत. आक्का डाव्या हातानं शेंगा सोलत बसल्या होत्या. माने सर गेले म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "लय भला मानूस. आलं हुतं की माझ्याकडं, तुमच्यासंगं आलेलं त्याच्यावर पंधरा दिसांनी. ह्याच जोत्यावर बसून म्हनलं, आक्का, माझी चूक झाली. डाक्टरांस्नी शिकवायचं काम माझं, तुमी कवा जेवतासा ते इचारा म्हनून मी शिकवलंच न्हाई. डोळ्यात पानी हुतं वो त्यांच्या."

माझी चूक हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या नावावर घेऊन फिरला, आणि त्याबद्दल मला चकार शब्दानं बोलला नाही. मी म्हणाले, "आक्का, चूक सरांची नव्हती. माझी होती. त्यांनीच येऊन शोधली. मी तर तुम्हाला खोटारडं ठरवलं होतं."

आक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मग येवढी वर्सं का वो न्हाई सांगितलासा?"

"भीती वाटली. तुम्ही लोक दवाखान्यात यायचं सोडाल म्हणून."

"आवं बाई, सोडून जातोय कुठं आमी? दुसरा दवाखाना हाय का जवळ?" त्यांनी हे साधेपणानं म्हटलं, कसलाही टोमणा न मारता. मी तिथंच रडले. आक्कांनी डावा हात माझ्या पाठीवरून फिरवला, आणि मला आणखी लाज वाटली.

मागच्या आठवड्यात साताऱ्याचा वर्ग मला घ्यायला सांगितला. तीच लांबट खोली, तोच करकरणारा पंखा, समोर नव्यानं नेमणूक झालेले डॉक्टर. आक्कांची गोष्ट सर दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे म्हणे, 'आमच्याकडून एक चूक झाली' अशा शब्दांत. मी ती माझ्या नावानिशी सांगितली, खोटारडं म्हटल्यासकट. सांगून झाल्यावर घाईनं पुढच्या मुद्द्याकडे वळायला निघाले आणि मला आठवलं की अशी गोष्ट सांगून झाली की सर थांबायचे. टेबलाला टेकून, हाताची घडी घालून, कुणीतरी बोलेपर्यंत नुसते उभे राहायचे. कधीकधी पाच-पाच मिनिटं, आम्हाला नको नको व्हायचं. मीही टेबलाला टेकले. बराच वेळ पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. पाटणकडच्या डोंगरात नेमणूक आहे त्याची. म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून पण एक झालंय. अजून पेशंटच्या घरी सांगितलेलं नाही…"

मी त्याला बसायला सांगितलं आणि त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले.