कापसाच्या खोलीतली बासरी

१७ जानेवारी १९९१. सकाळी उठून कापसाच्या खोलीत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा करायला घेतली. एरंडोलजवळच्या आमच्या सासरच्या घरात ती खोली आढ्यापर्यंत भरली होती.

जागा हवी होती ती माझ्या सासऱ्यांसाठी. नानांचे पुढचे हलणारे दात दुसऱ्या दिवशी धुळ्याला काढायचे होते. दात गेले की बासरीची फुंक जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. इतकी वर्षं वाजवलं, पण टेपवर एक सूर नव्हता.

धुळ्याच्या देवपूरहून मी टेपरेकॉर्डर आणि सुटा माइक आणला होता. आदल्या दिवशी पुढच्या खोलीत टेप करून पाहिलं, तर सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रे, नुसतं घुमलं. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्या काय विहिरमाईन वाजाडी ऱ्हायनात का?"

म्हणून कापूस. तो घुमू देत नाही.

"कपासले बासरीमान काय समजस?" नाना म्हणाले.

"म्हणून तर तो गप्प बसतो. तुम्हीही मध्ये बोलू नका."

माइक तोंडासमोर धरला तर फुंकरच जास्त येत होती. तो काठीला बांधून हातभर लांब, बोटांच्या बाजूला ठेवला. टेपची घरघर नको म्हणून टेप दाराबाहेर, वायर फटीतून आत. शेजारची पिठाची गिरणी थांबेपर्यंत बसून राहिलो. मग बटण दाबलं.

पहिल्या वेळी कापसाच्या तंतूंनी नाना शिंकले. दुसऱ्या वेळी गल्लीतून कोणी "राम राम, नाना!" म्हणालं आणि नानांनी बासरी खाली ठेवून "राम राम!" म्हटलं. राम राम घेतला नाही तर माणूस काय म्हणेल? मी सासूबाईंना खिडकीखाली राखणीला बसवलं. तिसऱ्या वेळी त्यांचाच आवाज टेपवर आला: "गप ऱ्हा रे, नाना वाजाडी ऱ्हायनात!"

शेवटी त्यांना घरात घेतलं, खिडकीत कापसाचं गाठोडं कोंबलं आणि नानांना बजावलं, "कोणीही हाक मारो, उत्तर नाही."

चौथ्या वेळी मधेच बाहेरून राम राम आला. दाराच्या फटीतून मला दिसलं, नानांचे डोळे खिडकीकडे गेले, पण बासरी सुटली नाही. धून पुरी झाली. मी बटणापर्यंत हात नेते तोच नाना मोठ्याने म्हणाले, "राम राम, भाऊ!"

भाऊ तोवर शेतात पोचला असेल.

"पुसी टाक ते," सासूबाई म्हणाल्या.

"परत करायचं?" मी विचारलं. नानांनी दाताला जीभ लावून पाहिली आणि नको म्हणून मान हलवली. राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी त्यावर भजनं भरू नयेत म्हणून, कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे केसांच्या पिनेने तोडले आणि नानांना घेऊन धुळ्याची पहिली गाडी पकडली.