भिंतीकडच्या चार पायऱ्या

छत्रीबाई पडल्या त्या स्वतःच्या न्हाणीघरात. हे त्यांना अजूनही लागतं. तीस वर्षं त्यांनी शहराच्या जुन्या भागात पाहुण्यांना फिरवलं. देऊळ, मशीद आणि चर्च, तिन्ही एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या दगडांवरून दिवसातून दोनदा चढायचं-उतरायचं, हातात उंच धरलेली लाल छत्री, मागे वीस-पंचवीस माणसं; पाय एकदाही घसरला नाही. आणि शेवटी घसरला कुठे, तर घरच्या चार बाय चारच्या जागेत, साबणाच्या पाण्यावर.

खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण म्हणावी तशी साधली नाही. डॉक्टर म्हणाले, आधार धरून दोन मिनिटं उभ्या राहाल, पायऱ्या मात्र विसरा. बाईंनी मान डोलावली. विसरण्याचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

सहा महिन्यांनी त्या चाकाच्या खुर्चीत बसून सहल कचेरीत गेल्या. तिथले साहेब वयाने त्यांच्या निम्मे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं आखीव लागायचं. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीने लावलेल्या.

"बाई, तुमचा आवाज इतका छान आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही आता फोनवर बसा. बुकिंग घ्या. खोलीत पंखा आहे, चांगली खुर्ची आहे."

"खुर्ची मी माझी घेऊन आलेय," बाई म्हणाल्या. "मला माझा रस्ता द्या."

साहेबांनी बरंच समजावलं. देवळाला तीन पायऱ्या, मशिदीला चार, चर्चला एक पायरी आणि वर हातभर रुंद उंबरा. पाहुणे पैसे देऊन येतात ते बघायला, कुणाला उचलायला नाही. बाई ऐकत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. शेवटी साहेबांनी हात टेकले.

"एक फेरी देतो. येत्या गुरुवारी. मी स्वतः बरोबर येईन. तिन्ही ठिकाणी तुम्ही आत गेलात तर काम तुमचं. पण कुठेही तुम्हाला उचलावं लागलं, तर दुसऱ्या दिवसापासून फोन."

"ढकललेलं चालेल?"

साहेबांनी जरा विचार केला. "ढकललेलं चालेल."

बाईंचा धाकटा भाऊ सुतार. दोघंही एकटी, म्हणून एकत्र राहायची. खाली त्याचा कारखाना, मागे दोन खोल्या. बोलण्यात बहीण जितकी सढळ, तितका भाऊ हात राखून. रात्रीच्या जेवणात तो चार वाक्यं बोलला तर बाई विचारायच्या, आज बरं वाटत नाही का तुला.

त्या दिवशी घरी येऊन बाईंनी सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिला. मग कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "चार पायऱ्यांना बसेल अशी उतरती फळी करतो. मधे बिजागरी. घडी घालून खुर्चीच्या मागे अडकवता येईल."

"सुतारबुवा, चार दिवस आहेत."

"तीन पुरतील."

दुसऱ्या दिवशी तो माप घ्यायला गेला. चर्चच्या फादरनी त्याला उंबऱ्यासाठी स्वतः फीत धरून दिली. मशिदीत त्या दिवशी वर्दळ होती. लोकांच्या पायात नको म्हणून तो भिंतीच्या कडेला बसला आणि पायरी-पायरीची उंची टिपून घेतली. नाहीतरी सुतार माप घेतो ते शाबूत कोपऱ्यावरच. फुटक्या कडेला फीत लावणाऱ्याला त्याच्या उस्तादाने कानफटीत दिली असती.

इकडे बाईंनी आपली बाजू लावून घेतली. देवळात आणि मशिदीत चपला बाहेर काढायच्या, मग चाकांचं काय? देवळातल्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, आम्ही पाय धुऊन येतो, तुमच्या चाकांनीही धुऊन यावं. मशिदीची देखभाल करणारे चाचा बाईंना तीस वर्षं ओळखत होते. ते म्हणाले, "पुसून घे आणि ये. तुझं बोलणं अंगणातच असतं, गालिच्यावर थोडंच जायचंय. आणि इतके महिने होतीस कुठे?" बाई एवढंच म्हणाल्या, "जरा बसले होते."

फळी बुधवारी संध्याकाळी तयार झाली. बिजागरीखाली दोन पाय होते, ते दुसऱ्या पायरीवर टेकायचे. लगोलग देवळात नेऊन बघितली. तिथल्या पायऱ्या मागेच नव्याने बसवलेल्या. फळी जन्मापासून तिथलीच असल्यासारखी बसली. मशिदीत तेव्हा गर्दी होती. भाऊ म्हणाला, "माप माझं आहे, ताई." मग दोघं घरी आली.

गुरुवारी सकाळी अठरा माणसं आली. बाईंनी लाल छत्री खुर्चीच्या दांड्याला उभी बांधली होती. साहेब हातात घड्याळ आणि कागद घेऊन सगळ्यात मागे. देवळात भावाने बादलीभर पाण्याने चाकं धुतली, फळी टाकली, आणि बाई सरसर वर गेल्या. चर्चमध्येही तसंच. फादर दाराशी उभे राहून बघत होते. खुर्ची आत आली तेव्हा त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. तिथे बाईंचा सूर लागला. रंगीत काचांबद्दल सांगताना त्यांनी दोन विनोद केले, दोन्ही जुने, आणि लोक दोन्हींना हसले. आता फक्त मशीद राहिली होती. सहा महिन्यांत इतकं मोकळं त्यांना वाटलं नव्हतं.

मशिदीच्या पायऱ्यांपाशी बाईंनी सवयीने खुर्ची थांबवली, सवयीने हात केला आणि तीस वर्षं म्हणत आलेलं वाक्य म्हटलं. "या पायऱ्यांचा मधला भाग बघा. माणसांच्या पायांनी दगड दोन बोटं खाली गेलाय. इथून सगळं शहर चढून गेलंय."

भावाने मागे फळी टाकली होती. बिजागरीखालचे पाय दुसऱ्या पायरीवर टेकायला हवेत, ते बरोबर दोन बोटं वर लोंबत होते. त्याने फळीवर हात दाबला, फळी मधे वाकली. वरचं टोक खोलगट दगडावर धड बसेना. एक बाजू टेकली की दुसरी उचलायची.

तो दगडाकडे बघत राहिला. माप कडेचं होतं. झीज मधली होती. आणि त्या झिजेची हकीकत त्याने घरी बहिणीच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की तिच्याऐवजी उभा राहून सांगितली असती. बाईंच्याही लक्षात त्याच क्षणी आलं. रोज दोनदा जगाला सांगितलं, फक्त माप घ्यायला निघालेल्या भावाला सांगायचं राहिलं.

"ताई, चुकलो," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. खिशातून लाकडाचे तुकडे काढून त्याने पायांखाली सरकवले. एक बसला, दुसरा निसटला. पुठ्ठा घालून बघितला. फळी डुगडुगतच राहिली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. ग्रुपमधले चार धडधाकट पुरुष पुढे आले. "आम्ही घेतो ना उचलून. दोन मिनिटांचं काम."

"नको," बाई म्हणाल्या.

"बाई, हट्ट कशाला?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही प्रयत्न केलात. सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही इथे सावलीत बसा, वरचं मी दाखवतो."

सावलीत बसा. हे शब्द बाईंचेच होते. दर फेरीत एखादं तरी माणूस असायचं, कुबड्यांवरचं, थकलेलं, पाय सुजलेलं. त्याला त्या पाण्याची बाटली द्यायच्या, कधी छत्रीही द्यायच्या आणि मायेने म्हणायच्या, तुम्ही इथे सावलीत बसा हं, आम्ही आलोच. आणि वर जाऊन बाकीच्यांना सांगायच्या की इथून सगळं शहर चढून गेलंय. एक बाई आठवली, निळ्या कुबड्यांची. वरून उतरलो तेव्हा ती छत्री मिटून मांडीवर घेऊन बसली होती आणि काय काय बघितलंत, असं विचारत होती. आपण घाईत होतो, उद्या सांगते म्हणालो. उद्या ती कुठून येणार होती?

त्यांना स्वतःचा संताप आला, आणि त्या संतापानेच त्यांनी मान वळवून पायऱ्यांकडे पुन्हा बघितलं. मधून कडेकडे. भिंतीला लागून दीड-दोन हात जागा, तिथे दगडाच्या धारा अजून बोचतील अशा. तिथून कोणी चढलेलंच नव्हतं.

"अरे, माप कुठे घेतलंस?"

"भिंतीशी."

"मग फळी भिंतीशी टाक."

"तिथे वर कपाट आहे, ताई."

होतं खरं. पायऱ्या संपतात तिथेच, भिंतीला टेकून, चपलांचं जाडजूड लाकडी कपाट. आणि त्यात आत नमाजाला आलेल्यांच्या चपला आधीच लागलेल्या. चाचा वर उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"कपाट माझ्या आधीपासून इथेच आहे," ते म्हणाले. "कुणी हलव म्हटलंच नाही, म्हणून हललं नाही." आणि बाह्या सारून त्या चार धडधाकट पुरुषांना म्हणाले, "उचलायची हौस आहे ना? या वर."

कपाट चपलांसकट चार हात पलीकडे गेलं. साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, लिहून घ्या. कपाट उचललं. मला नाही."

भावाने फळी भिंतीशी टाकली. दोन्ही पाय दुसऱ्या पायरीवर खट्‌कन टेकले. त्याने पूर्ण भार देऊन बघितलं, हललं नाही. मग फडक्याने चाकं पुसली, चारही, एकेक करून, कारण या बाबतीत बाई चाचांना शब्द देऊन बसल्या होत्या. बाईंनी कोपरं अंगाशी घेतली. चढ उभा होता. भाऊ मागून ढकलत होता, बाई हातांनी चाकं ओढत होत्या, आणि भिंतीकडच्या हाताची दोन बोटं दगडाला घासून सोलली. त्यांनी हात काढला नाही. मधे एकदा खुर्ची थांबली. भावाचा श्वास मानेवर लागला, आणि खुर्ची पुन्हा वर सरकली.

वर अंगणात ऊन होतं. बाईंनी पदराने बोटं पुसली, घोटभर पाणी घेतलं आणि अठरा माणसं जमेपर्यंत थांबल्या.

"मघाशी मी खाली एक गोष्ट चुकीची सांगितली," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं चुकीची सांगतेय. इथून सगळं शहर चढलेलं नाही. ज्यांना चढता आलं तेवढेच चढले. बाकीच्यांना मी खाली बसवायचे." त्यांचा आवाज जरा कापला, त्यांनी तो कापू दिला. "आता कमानीकडे बघा."

फेरी चाळीस मिनिटं उशिरा संपली. साहेबांनी तसं कागदावर लिहिलं. मग पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "चाळीस मिनिटं फार होतात, बाई."

"पुढच्या वेळी कपाट आधीच सरकलेलं असेल."

"पुढची वेळ सोमवारी," साहेब म्हणाले आणि निघाले.

कपाट पुन्हा जागेवर गेलं नाही. फळीला भावाने खालून रबर लावलं, तरी कडेचा दगड थोडा घासतोच. आता बाई पाहुण्यांना आधी मधली झीज दाखवतात, मग भिंतीकडचा दगड, जिथे फळीच्या टोकाने एक फिकट पट्टा उमटलाय, नखाने चाचपला तर जेमतेम लागेल इतका. कालपर्यंत तिथून एकशे बारा माणसं वर गेली, चाचा मोजतात. त्यांत एक कुबड्यांवरची म्हातारी होती. कुबड्या निळ्या नव्हत्या. बाईंनी तिला वरचं सगळं दाखवलं, मग पुन्हा एकदा दाखवलं, आणि त्या दिवशीही फेरी उशिरा संपली.